अंगठ्याच्या वरची ओळ

दफ्तरखान्यातली मंडळी त्यांना पाठीमागे 'अंगठेवाल्या बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत या मुलखातल्या बायकांनी केलेले अर्ज, तेही खाली अंगठा उठवलेले, हुडकण्यात त्यांनी बावीस वर्षं घातली होती. डोळे गेले, पाठ गेली, विद्यापीठातली बढती तर कधीच हुकली. हाती लागली ती एक सुईण, नवऱ्याने टाकलेली. तिने साहेबाला लिहिलं होतं, 'मी दया मागत नाही, माझ्या हातांचा हक्क मागते.' या एका ओळीवर बाईंचं अख्खं पुस्तक उभं होतं, आणि ते आता छापायला जायचं होतं.

एका तळटिपेतली तारीख तपासायला म्हणून त्या दफ्तरखान्यात गेल्या आणि सहज शेजारचा गठ्ठाही उघडला. त्यात एका दूधवालीचा अर्ज होता. तीच ओळ. मग एका शिवणकाम करणारीचा. तीच ओळ! संध्याकाळपर्यंत अशा अकरा निघाल्या. अक्षरही एकच, कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्या कुणा कारकुनाचं. 'आधी शेजारचा कागद बघा' म्हणून विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दरडावणाऱ्या बाईंनी स्वतः मात्र तो बघितला नव्हता. मनासारखी ओळ सापडल्यावर बघतो कोण?

घरी थोरली बहीण होती. तीस वर्षं दोघी एकत्र राहत होत्या, आणि बाईंचं पानन् पान टाइप करून दिलं ते तिनेच. बाईंनी चपलाही न काढता तिला सगळं सांगून टाकलं.

"ताई, माझी सुईण मुकीच निघाली गं. ती ओळ काढावी लागणार. मग राहिलं काय माझ्याकडे?"

ताई भाजी निवडत होती. "मग ती स्वतः काय बोलली असेल त्या कारकुनापाशी?"

"ते आता कुठलं कळायला? तिला विचारणारं कोण होतं तिथे?"

"माझ्या सोडचिठ्ठीच्या अर्जातही वकिलाने असंच झोकात लिहिलं होतं," ताई म्हणाली. "तू तो वाचून ढसाढसा रडलीस. मला मात्र कधी काही विचारलं नाहीस."

बाई ताईच्या समोर जमिनीवरच बसल्या.

"आता विचारते. सांग ना, काय म्हणायचं होतं तुला?"

ताईने हातातली शेंग मोडून ताटलीत टाकली.

"आता मलाही त्या वकिलाने लिहिलेलंच आठवतं गं," ती म्हणाली.