बॅलेतला आहेर

चहा आधी घशाखाली उतरवा. हा किस्सा ऐकताना तोंडात घोट ठेवणाऱ्या दोघांनी आजवर माझे दोन पांढरे सदरे खराब केलेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चुका सगळ्यांच्याच हातून होतात, मान्य! पण भरल्या थिएटरात, निळ्या उजेडात, नारळाच्या मागं धावत? ती एक मीच केली.

खटकचिंचोळीत माझं कापडाचं दुकान आहे. साड्या-धोतरं विकतोच, पण दुकान खरं चालतं ते आहेरावर. टॉवेल, टोपी, शाल, खण. आमच्याकडे जत्रेत नाटक असलं आणि आपलं माणूस स्टेजवर आलं, की खाली बसून नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही. वर जायचं, हार घालायचा, शाल पांघरायची, माईकवर नाव पुकारून घ्यायचं. तेवढा वेळ नाटक थांबतं. पेटी थांबते, तबला थांबतो. राजा मरून पडलेला असला तरी उठतो, टॉवेल घेतो, हात जोडतो आणि पुन्हा जागेवर जाऊन मरतो! कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट भाचा स्टेजवर असून मामा खाली बसून राहिला, तर लोक वर्षभर विचारतात, "काय वो, बोलणं बंद हाय का?"

एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ याच्यामुळंच झाला.

माझी मुलगी सुधा हैदराबादला कंपनीत नोकरी करते. पाच वर्षांपूर्वी तिनं फोनवर सांगितलं, "अप्पा, मी बॅले शिकायलेय."

"ते काय अस्तंय?"

"नाच अस्तंय अप्पा. पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा."

आणि मी म्हणालो... आता सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "तुला नोकरी करायला धाडलंय, नाचायला न्हाई."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. तुरीचं विचारायची, दुकानाचं विचारायची, आईच्या गुडघ्याचं विचारायची. नाचाबद्दल मात्र एक शब्द नाही. मला फार वाईट वाटायचं. आज विचारू, आज विचारू असं करत पाच वर्षं गेली, पण तोंड उघडलं नाही. बापाचं तोंड, दुसरं काय!

आणि या थंडीत तिचा मेसेज आला. त्यांच्या नाचाच्या शाळेचे दोन खेळ होते, एक शनिवारी संध्याकाळी, एक रविवारी सकाळी. दोन्हींत ती होती. घरच्यांना दोनच पास, तेही एकाच खेळाचे. "कुठलं बघायचं ते तुमी ठरवा अप्पा," असं लिहून तिनं दोन्हींची पत्रकं पाठवली होती. आणि खाली एक ओळ. "पैल्यांदाच बगायलाव, तर रविवारचं ल्हान बगा."

मी तो मेसेज दुकानात चारदा वाचला. चौथ्या वेळी गिऱ्हाइकानं मागितलेलं कापड सोडून दुसरंच फाडून दिलं.

माझी बायको नीलम्मा म्हणाली, "पोरगी ल्हान बगा म्हनायली, तर ल्हान बगू. इषय संपला."

पण विषय असा संपला तर मी कसला? मी पत्रकं घेऊन गुंडप्पा मास्तरकडे गेलो. मास्तरनं चाळीस वर्षं जत्रेतल्या नाटकांना पेटी वाजवलीय. आमच्या पंचक्रोशीत नाटकातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. बॅले त्यानंही कधी पाहिला नव्हता, पण ते त्यालाही आठवलं नाही आणि मलाही.

"मानसं किती?" मास्तरनं विचारलं.

"शनिवारच्यात अडतीस. रविवारच्यात चार."

"चार?" मास्तरनं चष्मा काढला. "आरं, चौघं तर आमाला स्टेज झाडायला लागत्यात!"

"शनिवारी तीन अंक हायत. समुद्राकाठचं गाव, लगीन, वादळ, बोटी बुडत्यात. रविवारचं पाऊण तासाचं. एक पोरगी आन् एक कंदीलवाला."

"पाऊण तासात आमची नांदी बी सरत न्हाई, शिवअण्णा."

"पन सुधा ल्हान बगा म्हनली."

"कामून म्हनली? तुला कळणार न्हाई म्हून म्हनली! खेड्यातला बाप, मोठ्या खेळात झोपंल बिचारा."

हे मात्र मला लागलं. मी झोपतो? मी! जत्रेत पहाटेपर्यंत नाटक बघून सकाळी दुकान उघडणारा माणूस! शनिवार पक्का झाला.

"आन् आहेर कवा करायचा मास्तर? हे तर सारखं नाचत अस्त्यात."

मास्तरनं जरा विचार केला. "मानूस पडला की करायचा. पळत्या मानसाला शाल कशी घालतोस?"

किती सरळ सल्ला! मी दुकानातली सगळ्यात चांगली शाल काढली, कोयरीच्या काठाची. गिऱ्हाइकं नुसती बघून जायची अशी ती शाल. भालकीहून शेवंतीचा हार घेतला. नारळ घरचा. पाच वर्षांपूर्वीचं ते एक वाक्य मला पुसून टाकायचं होतं, आणि आमच्याकडे बाप लेकीला "चुकलो गं" असं तोंडानं म्हणत नाही. शाल घालतो.

शनिवारी आम्ही हैदराबादला पोचलो. थिएटर काय! खुर्च्या मखमली, माणसं चिडीचूप. आमची जागा तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, आणि समोर स्टेजवर जायला चार पायऱ्या. मी नीलम्माला म्हणालो, "बग, आहेरासाठी मुद्दाम ठेवल्यात."

पडदा वर गेला आणि पहिली अडचण उभी राहिली. बारा पोरी आल्या. बाराही जणींचे निळे झगे, सारखे अंबाडे, सारखी पावडर, सारखी मान. यातली आपली कुठली?

"ती बगा सुधा, कडंची."

"ती न्हाई गं. ती उंच हाय."

"बोटांवर उभी हाय म्हून उंच दिसायली. जल्म दिलाय मी!"

"आन् मग तिच्या शेजारची कोन?"

"...ती बी सुधावानीच दिसायली."

मागच्या बाईंनी "शू" केलं. पहिला अंक संपला, दुसरा संपला, सुधा काही सापडली नाही. पण खरं सांगू? मी झोपलो नाही. पोरी अशा हलक्या चालत होत्या की पाऊल पडल्याचा आवाज येत नव्हता. आपली पोर यात आहे, आणि हे ती पाच वर्षं माझ्यापासून लपवून शिकली, हा विचार काही डोक्यातून जाईना. मी मांडीवरचा नारळ घट्ट धरून बसलो.

तिसऱ्या अंकात वादळ आलं. गडगडाट झाला, पोरी गोल गोल फिरल्या, आणि एकदम... पडल्या! बाराच्या बारा स्टेजवर निपचित. उजेड निळा झाला. संगीत अगदी बारीक झालं.

मानूस पडला की करायचा!

मी उठलो. नीलम्मानं सदरा ओढला असं ती म्हणते, मला काही कळलं नाही. चपला खाली काढल्या, चार पायऱ्या चढलो, आणि पोचलो समुद्रात.

वर गेल्यावर कळलं, की पडलेल्या पोरी उभ्या पोरींपेक्षाही जास्त सारख्या दिसतात. मी देवाचं नाव घेतलं आणि सगळ्यात पुढच्या पोरीच्या गळ्यात हार घातला.

पोरगी डोळे मिटूनच पुटपुटली, "अंकल, मैं नै! सुधा पीछे है."

झाली का पंचाईत! घातलेला हार काढायचा कसा? काढायला गेलो तर तो अंबाड्याच्या पिनेत अडकला. मी ओढतोय, ती बुडालेली पोरगी दात आवळून "अंकल, बाल! बाल!" म्हणतेय. शेवटी अर्धा हार तिलाच ठेवला, अर्धा घेऊन मागं गेलो. पाकळ्या सांडत, पोरी ओलांडत.

"अप्पा," जमिनीवरून बारीक आवाज आला. "हिकडं. डाव्या अंगाला."

तो आवाज मी हजारात ओळखला असता. गुडघ्यावर बसलो, शाल पांघरली, तिच्या हातात नारळ दिला. आता मला वाटलं ही रागानं बघेल, रडेल, काय करेल. पाच वर्षांपूर्वी एका वाक्यानं दुखवलं होतं, आज अख्ख्या हैदराबादसमोर हिला मान खाली घालायला लावली की काय मी?

सुधा उठली. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तिनं दर जत्रेचं नाटक बघितलंय हो! तिला रीत ठाऊक होती. शाल सावरून ती उभी राहिली, वाकून माझ्या पाया पडली, लोकांना हात जोडले आणि पुन्हा जागेवर जाऊन बुडाली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, बॅलेत आहे हे. गावचा म्हातारा बुडालेल्या पोरींना शेवटचा हार घालायला आलाय!

इथं मी खाली उतरलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण वादळ परत सुरू झालं. पोरी लाटांसारख्या लोळायला लागल्या आणि सुधाच्या हातातला नारळ सुटला. गडगडत निघाला स्टेजभर! पलीकडून नवरदेव उड्या मारत येत होता, बोटांवर. त्याच्या पायाखाली नारळ आला असता तर? मी धावलो. नारळ पुढं, मी मागं, आजूबाजूला बारा लाटा! शेवटी त्या नवरदेवानंच उडी मारता मारता नारळ उचलला, गिरकी घेऊन तो माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं मला अलगद पडद्याआड ढकललं. मोठा गुणी पोरगा. नाचता नाचता माणूस बाहेर काढणं सोपं नाही.

खेळ संपल्यावर पडद्यामागं त्यांच्या मॅडम आल्या. साठीच्या, ताठ, पांढरे केस. मी हात जोडूनच उभा. नीलम्मा माझ्यापासून दहा हात लांब, जणू ओळखच नाही. सुधा भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"रडू नको गं पोरी," मी म्हणालो. "चुकलो मी. आजचं बी चुकलो, आन् त्या टायमाला फोनवर बोललो ते बी चुकलो."

निघालं तोंडातून! पाच वर्षं अडकलेलं.

सुधा वळली. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू, दोन्ही एकदमच. शाल अजून अंगावर होती.

"अप्पा, मी ल्हान बगा कामून म्हनले होते? रविवारच्या खेळातली ती पोरगी मीच हाय. पाऊण तास मुख्य नाच माझाच. आजच्यात तर मी बारा लाटांतली एक लाट!"

मी कपाळावर हात मारला. "मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी टेम्पो भरून गाव आणलं असतं!"

हे मात्र खरं होतं. गुंडप्पा मास्तर तर पेटीसकट आला असता.

मॅडमना सुधानं सगळी रीत समजावून सांगितली. मेलेल्या राजाचं ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या, आणि रविवारी आम्हाला दोन खुर्च्या द्यायला कबूल झाल्या. अट एकच. हातात काही आणायचं नाही, आणि काहीही झालं, अगदी काहीही, तरी खुर्चीतून उठायचं नाही.

"कसम से," मी म्हणालो.

नीलम्माचा माझ्या शपथेवर विश्वास नाही. रविवारी बसल्या बसल्या तिनं माझ्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक खुर्चीच्या दांड्याला बांधून टाकलं. दुकानाचे गठ्ठे बांधून बांधून तिचा हात पक्का झालाय.

मग सुधा आली. एकटी. कंदीलवाला कधी आला, कधी गेला, मला ठाऊक नाही, मी दुसरं काही बघितलंच नाही. ती चुलीपुढं बसलेली मला ठाऊक, अभ्यास करताना ठाऊक, रुसलेली ठाऊक. ही सुधा मला ठाऊक नव्हती. पाऊण तास मी पापणी लववली नाही. नीलम्मा पदरानं डोळे पुसत होती, आणि मी पुसत नव्हतो, कारण हात हलवायची पण भीती.

खेळ संपला. आणि काय सांगू, सगळं थिएटर उठून उभं राहिलं! लोक फुलांचे गुच्छ घेऊन स्टेजकडं निघाले. म्हणजे आहेर यांच्यातही असतो! फक्त शेवटी करतात! पुढचे उभे, मागचे उभे, मॅडम उभ्या. बसलेला एकच माणूस, सुधाचा बाप, रिकाम्या हातानं, दोन्ही दांडे घट्ट धरून. शपथ म्हणजे शपथ.

सुधा स्टेजच्या कडेला आली, मला शोधलं आणि सगळ्यांसमोर आपल्या मराठीत ओरडली, "अप्पा! उठा की आता! कामून बसलाव?"

मी ताडकन उठलो, आणि उपरण्याच्या हिसक्यानं धपकन खाली बसलो. परत उठलो, परत धपकन! उपरणं गळ्यातून काढून ठेवावं एवढंही सुचलं नाही. शेवटी सुधाच त्या चार पायऱ्या उतरून आली, माझ्या गळ्यातलं उपरणं काढलं आणि मला हाताला धरून उभं केलं.

गाठ काही सुटली नाही. उपरणं तिथंच राहिलं, चांगलं जरीकाठाचं. कुणी बोलावलं नव्हतं तेव्हा वर चढून बसलो, लेकीनं बोलावलं तेव्हा बांधलेला होतो, आणि आहेराच्या नेमक्या वेळेला माझा आहेर झाला तो कुणाला? खुर्चीला!