माझं जुनं पायथॉन

जव्हारच्या आमच्या छोट्या संस्थेत कॉम्प्युटरवाली म्हणजे मी. पार मोखाड्यापासूनच्या अंगणवाडी सेविका मुलांची वजनं घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक मुलाच्या वाढीचा आलेख छापून द्यायचा. पाड्यापाड्यांवर मला ओळखायचे ते त्या कागदामुळे. मग ठाण्याची नोकरी सोडून दाभोशाची एक मुलगी परत आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. वयाने लहान, हाताने चटपटीत, आणि वर गोडबोली. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपली.

पुढे आलेख रंगीत हवेत असं ठरलं. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आमच्या जुन्या पायथॉनवर चालेना. तिच्या आधी आपणच करून दाखवायचं, म्हणून ती जेवायला गेल्याबरोबर मी मशीनवर बसले. आमच्याकडे राब भाजल्याशिवाय भाताचं बी टाकत नाहीत. फांद्या, पाला, शेण पसरून जमीन जाळायची, साफ करायची, मग पेरायचं. मला तेच वळण. नवं पायथॉन घालण्याआधी मी जुनं मुळासकट काढून टाकलं. आमचं मशीन ज्यावर चालतं त्या लिनक्सची स्वतःची कितीतरी कामं त्याच्यावरच चालतात, हे मला काय ठाऊक! खिडक्या गेल्या, मेनू गेला, नुसता काळा पडदा उरला.

ती हात पुसत आली. "ताई, सिस्टिमचं पायथॉन काढायचं नसतं. सरका जरा, बघते."

सरका म्हणे! माझ्याच खुर्चीवरून. काळ्या पडद्यावर भराभर टाइप करत तिने सगळं परत आणलं. वर पायएन्व्ह नावाचं साधन घालून जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. प्रत्येक फोल्डरात एक लहानशी फाइल, तिच्यात आकडा. त्या फोल्डरात गेलं की तीच आवृत्ती चालणार. माझा प्रोग्राम जुनीवर, तिने लिहिलेला रंगीत प्रोग्राम नवीवर.

"तुमच्या कामाला मी हातसुद्धा लावला नाही, ताई," ती म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला.

नंतर वावर गावची सेविका आली. मी सवयीने माझा आलेख काढून तिच्या हातात दिला. तिने तो पाहिला आणि शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "ताई, तो रंगाचा दे ना. लाल दिसला का वजन कमी, पोराच्या आयला लगेच समजतं."

खरंच होतं ते.

आता सगळ्या तिच्याच टेबलापुढे थांबतात. मशीन अपडेट केलं की ती आठवणीने माझा फोल्डर उघडून बघते, जुनं पायथॉन चालतंय ना म्हणून. काढून टाकलं असतं तर मला चारचौघांत भांडता तरी आलं असतं. पण नीट सांभाळून ठेवलंय मेलीनं. मी कधीमधी त्यातून एखादा आलेख काढते. प्रोग्राम निमूट चालतो, कागद बाहेर येतो, आणि तो घ्यायला कोणी नसतं.