माती नको म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई

पेणजवळच्या गडब गावात रस्त्याच्या कडेला त्या डॉक्टरीणबाईंचा निसर्गोपचाराचा दवाखाना होता. खिडकीबाहेर भातशेती आणि आत ओल्या मातीचा वास. तिथं बसलं की आपण अर्धवट झोपेत आहोत असं वाटे. आईचे गुडघे दुखत, म्हणून मातीच्या पट्ट्यांसाठी मी तिला आठवड्यातून एकदा नेत असे. बाई बोलत कमी. पेशंट सांगू लागला की डोळे मिटून ऐकत.

एका दुपारी आईचं पोट दुखत होतं.

"उष्णता झालीय. पोटावर माती ठेव गो बाय," आई बाईंना म्हणाली.

बाईंनी पोटावर उजवीकडे खाली हळूच दाबलं आणि हात उचलला, तशी आई कळवळली. बाईंनी कालवलेल्या मातीचं घमेलं बाजूला सारलं.

"आज माती नको, मावशी. अपेंडिक्स वाटतंय. पेणला सर्जनकडे जायचं, आत्ताच."

"तू पन डाक्टरच हाय ना? मंग तूच कर."

"साडेपाच वर्षं शिकलेय मी. कुठं थांबायचं, तेही त्यातच शिकवलं."

मग त्या स्वतःच आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. वाटभर आईचा हात त्यांच्या हातात होता. बाहेर हिरवी शेतं संथ सरकत होती, आणि का कोण जाणे, माझी भीती ओसरत गेली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलं असतं, असं सर्जन म्हणाले. बाई तोवर बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

शुद्धीवर आल्यावर आईनं मला पहिलं विचारलं, "ती बाय जेवली काय रे?"