रेशमाच्या तारांची फिरंगी सतार

श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात मी कारकून होतो. दारूचे बुधले, गोळे, गाड्यांची चाकं, बैलांची वैरण, काय आलं आणि काय गेलं ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. राहायला आम्ही कसब्यात. घरात वडील, मी आणि माझी बायको. आई मी लहान असतानाच गेली होती.

नागझरीच्या ओढ्यापलीकडे फिरंगी गोलंदाजांची वस्ती होती. लोक त्यांना फिरंगी म्हणत, पण त्यांतले बहुतेक गोव्याकडचे, आपल्यासारखेच सावळे, कोकणी बोलणारे आणि ख्रिस्ताला मानणारे. सरकारातून त्यांना प्रार्थनेसाठी जागा मिळाली होती. तिथे त्यांनी मातीच्या भिंतींचं एक लहानसं मंदिर उभं केलं होतं. त्याला ते इगर्ज म्हणत.

एकदा दुपारी चाकं मोजायला मी त्या वस्तीत गेलो होतो. एका तोफेच्या गाड्यावर एक पन्नाशीचा माणूस वाकून बसला होता. मला वाटलं पेंगतोय. जवळ गेलो तर त्याच्या मांडीवर एक वाद्य होतं आणि त्याने आपली हनुवटी त्या वाद्याच्या लाकडावर दाबून धरली होती. सतारीसारखं, पण भोपळा नाही. पुढून मागून सपाट, मध्ये कमरेसारखं आत गेलेलं. तारांच्या पाच जोड्या. बोटांत नखी न घालता तो नुसत्या बोटांनी छेडत होता, आणि एका वेळी तीन-तीन, चार-चार सूर उठत होते. इतके सूर एकदम बोलत आहेत आणि तरी कुणी कुणाशी भांडत नाही, असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. चाकं मोजायची सोडून मी उभाच राहिलो.

पण एक जोडी उतरली होती. माझे मामा हरदास होते. लहानपणी त्यांच्या कीर्तनाला तंबोरा लावून द्यायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे बेसूर तार मला दातात अडकलेल्या कणासारखी सलते. न राहवून मी म्हणालो, "अहो, चौथी जोडी उतरलीय."

त्याने वर पाहिलंच नाही. मी समोर जाऊन बोट दाखवलं तेव्हा तो थांबला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"वर घेऊ की खाली?" त्याने विचारलं.

मी हाताने वर अशी खूण केली. तो खुंटी पिळत गेला, मी मान डोलावली तेव्हा थांबला. मग त्याने वाद्य पुन्हा हनुवटीला लावून एकदा छेडलं आणि म्हणाला, "पंत, बसा."

त्याची हकीकत त्याने तिथेच सांगितली. आयुष्य तोफांपाशी गेलेलं. उजवा कान एका लढाईत एकदमच गेला, डावा हळूहळू. आता माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. वाद्य मात्र हाडातून ऐकायचा. हनुवटी लाकडाला टेकवली की जाड तारा त्याला नीट कळत, बारीक तारा कळत नसत.

"तोफेचं काम चालतं. तिला कान लागत नाहीत, डोळे लागतात," तो म्हणाला. "पण गितार लावायला कान लागतात. ते तुमच्याकडे आहेत. तुम्ही लावून देत जा, मी तुम्हाला शिकवतो."

कचेरी सुटल्यावर मी त्याच्याकडे जाऊ लागलो.

शिकवताना तो सुरांची नावं घेत नसे. माझी बोटं धरून पडद्यांवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे घर." मग दुसरीकडे ठेवायचा, "हे शेजारचं घर. आता जा, ये, जा, ये." पडदे म्हणजे मानेभोवती बांधलेली आतड्याची तातच, सतारीसारखे पितळी नव्हेत. माझी खोड अशी की एकेक तार ओढून मींड काढायला जायचो. तो माझ्या मनगटावर हलकेच चापट मारायचा. "ओढू नका. तिला एकटं बोलायला लावू नका, चौघींना मिळून बोलू द्या."

मला सगळ्यात नवल वाटे ते त्याच्या लक्षाचं. मी वाजवत असताना तो वाद्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि माझ्या बोटांकडे बघायचा. एखादं बोट पडद्याला नीट टेकलं नाही, तर माझ्या कानाला कळायच्या आत तो मान हलवायचा. इतक्या वर्षांत कितीतरी नावाजलेले वाजवणारे मी ऐकले. इतकं मन लावून ऐकणारा दुसरा कुणी पाहिला नाही.

वाद्याची निगा तर त्याच्याकडून शिकावी. वाजवून झालं की तारा सैल करायचा, मऊ धोतराच्या तुकड्याने मान पुसायचा, बोटांचा घाम तातीला राहू द्यायचा नाही. खुंटी सरकू लागली की खडूची पूड चोळायचा, अडकू लागली की मेणाचा हात लावायचा. गाडे, बैल, पाऊस, दारूचा धूर, यांतून ते वाद्य गोव्याहून आलं होतं आणि बाहेरून त्याच्या अंगावर एक ओरखडा दिसत नव्हता.

माझंही एक असावं असं मला वाटू लागलं. त्यानेच गाड्यांच्या सुताराला बोलावलं. शिवणीचं जुनं, वाळलेलं लाकूड मिळालं. आपल्या गितारीवर सुतळी धरून त्याने मापं दिली. कुशीच्या पट्ट्या वाफेवर वाकवताना सुतार आणि तो शेजारी शेजारी घामाघूम होऊन बसलेले मला अजून दिसतात. होळी उलटून गेल्यावर गितार तयार झाली आणि लगेच उन्हाने तिचं पोट तडकलं. मला रडू यायचंच बाकी होतं. गोलंदाजाने पोटावरच्या भोकातून दोन बोटं आत घातली, आतून लाकडाची एक पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "माझीही पहिल्या उन्हाळ्यात तडकली होती. आता ही पुण्याची झाली."

घरी आणली तेव्हा वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वाद्य नीट निरखलं.

"तारा कशाच्या आहेत?"

"मेंढीच्या आतड्याच्या," मी म्हणालो.

"छान. देवघर आत आहे. आतडी घेऊन कुठपर्यंत जायचा विचार आहे आपला?"

"देवळात मृदंगाला कातडं चालतं."

"मग देवळात जाऊन राहा."

आमच्या वडिलांशी वाद असाच संपे. मी गितार ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चुलीपाशी मला हळूच विचारलं, "अहो, सोवळ्याला जे चालतं ते त्याला चालेल का?"

मला काही उमगेना.

"रेशीम," ती म्हणाली. "मामंजी स्वतः रेशीम नेसून पूजेला बसतात. त्याला काय म्हणणार ते?"

तिने पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने रेशमात गुंफणाऱ्या कारागिराकडून, कच्च्या रेशमाच्या लडी मागवल्या. ओसरीच्या खांबाला एक टोक बांधून ती पीळ देत गेली, मी दुसरं टोक ताणून धरलं. पहिल्या तारा लावताच तुटल्या. मग तिने पीळ आधी उलटा आणि मग सुलटा देऊन पाहिला. त्या टिकल्या, पण आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. कामं आटोपली की ती पुन्हा पिळायला बसायची. शेवटी लाडूसाठी आणलेला डिंक तिने पाण्यात घट्ट शिजवला, तारा त्यात बुडवून ताणून वाळवल्या आणि वाळल्यावर चिंचोक्याने घोटल्या. ती तार छेडली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सूर तातीहून मऊ होता, पण स्वच्छ होता.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात काय आहे आणि त्यातून काय होऊ शकेल, एवढाच तिने विचार केला होता. तिच्याविषयी मला तोवर प्रेम होतं, त्या दिवसापासून आदर वाटू लागला.

पडदेही तिने रेशमाच्याच दोऱ्याचे बांधले. वडील येता-जाता बघत होते. मी वाजवायला बसलो तेव्हा ते आत निघून गेले. चार-आठ दिवसांनी म्हणाले, "हे दुपारी वाजवत जाऊ नकोस. दुपारी मी झोपलेला असतो. संध्याकाळी वाजव, जागा असतो." मी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

गितार गोलंदाजाला दाखवायला नेली. त्याने हनुवटी टेकवली आणि एकेक जोडी छेडत गेला. बारीक जोडीपाशी आला तेव्हा थांबला, पुन्हा छेडली, पुन्हा छेडली.

"ही मला ऐकू येते," तो म्हणाला.

माझा विश्वास बसेना. मी मुद्दाम ती तार थोडी उतरवली. त्याने लगेच मान हलवली. का ते मला सांगता येणार नाही. रेशमाची तार तातीहून थोडी जाड होती, कदाचित ते कारण असेल. तो बराच वेळ तीच जोडी वाजवत बसला. मग म्हणाला, "पंत, घरात विचारा. माझ्यासाठी एक जोडी होईल का?"

बायकोने दोन करून दिल्या.

त्या वर्षी त्यांच्या सणाला त्याने मला बोलावलं. मी इगर्जेच्या आत गेलो नाही, बाहेर अंगणात चिंचेखाली बसलो. आत जाण्याआधी तो गितार घेऊन माझ्याकडे आला. एरवी त्याची गितार मीच लावत असे. त्या दिवशी त्याने स्वतः हनुवटी टेकवून पाचही जोड्या लावल्या आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. एकही खुंटी फिरवायची गरज नव्हती. मी हात जोडले. तो हसला आणि आत गेला.

मातीच्या भिंतीआडून गाणं सुरू झालं. शब्द मला कळत नव्हते. माणसं मोठमोठ्याने गात होती आणि त्या आवाजाखालून त्याचं वाजवणं कुठेही न अडखळता चाललं होतं. गाणाऱ्यांतला एकही आवाज त्याला ऐकू येत नव्हता, तरी त्याने एकालाही एकटं पडू दिलं नाही. माझ्याशेजारी बसलेला एक मराठा शिपाई म्हणाला, "कोन वाजवतंय हो?"

"माझे गुरू," मी सांगितलं. तोवर मी त्यांना कधी गुरू म्हटलं नव्हतं.

पुढच्या सालात गुरूंच्या डोळ्यांनीही दगा द्यायला सुरुवात केली, तशी त्यांनी सरकारातून रजा घेतली आणि गोव्याला बहिणीकडे जायचं ठरवलं. ते निघाले त्या दिवशी मी कात्रजपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. घाटाच्या पायथ्याशी नारळवाल्यांचे तांडे थांबले होते. गुरूंनी गोणपाटातून गितार काढली, जोड्या लावल्या आणि जिच्यापासून माझं शिकणं सुरू झालं होतं ती पहिली चाल वाजवली. तांड्यातले लोक बैलांना पाणी पाजता पाजता ऐकत उभे राहिले.

"मनगट सैल ठेवा," ते मला म्हणाले. "अजून आवळता."

"ठेवतो."

ते तांड्याबरोबर घाट चढू लागले. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी माझे पाय इतके दुखत होते की कचेरीत मला बैठक मोडून बसावं लागलं. संध्याकाळी घरी आलो तर वडील ओसरीवर बसलेले होते. त्यांनी कोपऱ्यातली गितार आधीच माझ्या बसायच्या जागी आणून ठेवली होती.