शेखसरांचा ब्रेकफास्ट

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्टाफरूमच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिका साठतात, तसे ते साठत जातात. आमच्या भवानीनगरच्या शाळेतले निम्मे किस्से शेखसरांचे. आमचे इंग्रजीचे सर. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्या त्याला महिना झाला, तेव्हापासून सर सकाळचं काही खात नाहीत. शर्ट अंगावर लोंबतोय. त्यांना खायला कसं घालावं, याच्या काळजीत आम्ही बसतो आणि किस्सेच आठवत राहतो.

*

सरांना शब्द उकलून दाखवायची भारी हौस. "फास्ट म्हणजे उपास, ब्रेक म्हणजे मोडणं. रात्रभरचा उपास सकाळी मोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट!"

आमचे शिपाई नामदेवतात्या म्हणाले, "मंग सर, मी अकराला भाकरी खातो, त्यो ब्रेकफास्ट व्हय?"

"त्याआधी पोटात काय गेलं?"

"काय न्हाय. चार कप च्या!"

"तात्या, तुमचा उपास टपरीवरच मोडला की!"

*

एकादशीला आमच्या स्टाफमधल्या शिंदेबाईंनी साबुदाण्याची खिचडी काढली. "सर, हा माझा ब्रेकफास्ट."

"बाई, उपास चालू हाय ना? मग मोडला कुठं?"

बाई भडकल्या. डबा खाडकन बंद. "जावा, आता खातच नाही!"

"आता झाला खरा उपास!"

बाई दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत.

*

रमजानात एकदा मीटिंग लांबली. दिवस मावळला तसे सरांनी पिशवीतून खजूर काढले. "चला, माझा ब्रेकफास्ट!"

संध्याकाळी पावणेसातला! पण चुकलं कुठं? खजूर सगळ्या स्टाफला पुरले. भाभींचा निरोपच होता, "एकटे खाऊ नका."

*

परवाच्या रविवारी सकाळी बाई, तात्या आणि मी पिठलं-भाकरी घेऊन सरांच्या घरी गेलो. सर ताटाला हात लावेनात. माझा स्वभाव तापट. म्हणालो, "सर, अख्ख्या शाळेला ब्रेकफास्ट शिकवला, आणि स्वतः असं करता?"

सरांनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "तिला दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरांनी मला इचारलं, 'ह्या सकाळचा नाश्ता किती वाजता करतात?' तीस वर्षं साडेसातला तिनं मला गरम वाढलं. ती कधी खायची, मला सांगता आलं न्हाय. तिलाच इचारावं म्हणून वळलो, तर ती शुद्धीत नव्हती."

तात्या उठून बाहेर गेले. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

बाईंनी डोळे पुसले आणि भाकरीवर पिठलं वाढलं. सरांनी बाईंकडं बघितलं.

"बाई, तुमी सकाळपासनं काय खाल्लंय?"

"कुठलं ओ सर. घरच्यांचं उरकलं आणि निघाले."

सरांनी भाकरी मोडली आणि तुकडा बाईंच्या हातात दिला.

"आधी तुमी."