एका दमात चार मजले

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, ती पडलीच. मेला मालक फिरकलासुद्धा नाही. चौथ्या मजल्यावरचे शिंपीकाका आजारी काकूंना पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत. परतताना दुसऱ्या मजल्यावरच त्यांना धाप लागायची. म्हणून पन्नाशीत ते पळायला लागले. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच पोचले. मग जुनी सायकल काढली, नाकातोंडात पाणी जात पोहायलाही शिकले.

चार महिन्यांनी काकूंना घेऊन ते एका दमात वर आले.

"काका, दम कमावलात हो!" मी म्हणालो.

काकूंना खाटेवर निजवून त्यांनी दार ओढून घेतलं.

"कसला दम रे? चार महिन्यांत तीनदा आतून टीप मारून तिचे कपडे घट्ट केलेत मी."