संकट टाळायची इंग्रजी क्रियापदं

खालापूरच्या शाळेत मी दुय्यम मास्तर होतो तेव्हा मला इंग्रजीचं वेड लागलं. आमच्या शेतकऱ्याच्या घरात मराठी सहा इयत्ता झालेला मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. शाळा सुटली की मी कचेरीतल्या एका कारकुनांकडे जायचो. ते गावातल्या जुन्या घराण्यातले. सुपारी कातरत शिकवायचे, आणि एका अर्थाची चार-पाच क्रियापदं देऊन आठवडाभर तीच घोटून घ्यायचे. वैशाखातल्या एका आठवड्यात आमचा अर्थ होता, नको असलेली गोष्ट दूर ठेवणं.

इंग्रजांकडे त्याला किती क्रियापदं! अव्हॉइड म्हणजे आपणच बाजूला सरायचं. प्रिव्हेंट म्हणजे ती यायच्या आधी वाट बंद करायची. वॉर्ड ऑफ शिकवताना कारकुनांनी अडकित्ता खाली ठेवला आणि हात कपाळासमोर आडवा धरला. अंगावर येणारा घाव असा परतवायचा. आणि अव्हर्ट म्हणजे येणाऱ्या संकटाचं तोंडच दुसरीकडे फिरवायचं. मी विचारलं, "मग ते दुसरीकडे कुठे जातं?"

"मास्तर, तुम्हांला परीक्षा द्यायची आहे की कीर्तन करायचंय?" ते म्हणाले. मी निमूट शब्द उतरवून घेतले.

त्याच आठवड्यात घरून सांगावा आला. दोन कोसांवरच्या आमच्या गावात पटकीची साथ शिरली होती. चार दिवसांत पाच माणसं गेली होती. वडील मागेच वारलेले, घरी आई एकटी. मी रजा घेऊन निघालो आणि शाळेत आलेलं सरकारी पत्रक बरोबर घेतलं. पिण्याच्या पाण्यात आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, पाणी उकळून प्या, असं त्यात होतं. देवळासमोर उभा राहून मी ते खणखणीत वाचलं. पोराचं पाठांतर ऐकावं तसं लोकांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारा म्हणाला, "बरं हाय, मास्तर. आता गाडीचं काय ते बोला."

गाडी म्हणजे मरीआईची, पटकीच्या देवीची. हातभर लाकडी गाडी करायची, तीत मरीआईला बसवायचं, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायची. पुढच्या गावानं ती तशीच आपल्या पुढच्या शिवेवर न्यायची. गाडीला प्रत्येक घरातल्या एका पुरुषाचा हात लागला पाहिजे. ज्या घराचा हात लागला नाही, त्या घरात मरीआई मागे राहते. गाडी सोडली की तिथेच आंघोळ करायची आणि मागे न बघता घरी यायचं. पुढच्या गावाला मात्र आदल्या दिवशी वर्दी द्यायची, म्हणजे तेही तयारीत राहतात. अशी सगळी रीत होती.

त्या वर्षी वर्दी द्यायची नाही असं ठरलं. मागच्या खेपेला पुढच्या गावानं काठ्या घेऊन आमची गाडी परतवून लावली होती. उद्या दुपारी तिथली पुरुषमाणसं वऱ्हाडाबरोबर लोधिवलीला जाणार होती, तेवढ्यात काम उरकायचं होतं. कुणी बाहेर ब्र काढायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं गेलं. त्या पुढच्या गावात माझी धाकटी बहीण दिली होती.

घरी येऊन मी आईला म्हणालो, हा अडाणीपणा आहे, मी हात लावणार नाही. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"तुजा इस्वास नाय, ठीक हाय," ती म्हणाली. "तू परवा खालापूरला जाशील. हितं मी ऱ्हानार. उद्या कुनाचं मानूस गेलं तर समदे माज्या दारात येतील. तवा तुजं पत्रक येनार हाय का मधी?"

"आणि धाकटीचं काय?" मी विचारलं.

"मला इचारू नको रं," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसली.

त्या संध्याकाळी बहिणीला दोन ओळींची चिठ्ठी धाडणं अवघड नव्हतं. सडकेनं जाणाऱ्या कुणाही गाडीवानानं ती पोचवली असती, आणि तिच्या दिराला वाचता येत होतं. पण मी स्वतःची समजूत कशी घातली ते अजून लख्ख आठवतं, आणि आठवलं की शरम वाटते. गाडीबरोबर रोग जातो यावर माझा विश्वास नाही. मग गाडी येतेय म्हणून वर्दी कशाची द्यायची? दिली तर मीच अडाणी ठरणार. शिकलेला माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीला हात लावला. नुसता लावला नाही, चढाला चांगला जोरही दिला. शिवेवरचा ओढा आटून त्यात एकच डोह उरला होता. पलीकडच्या वडाखाली गाडी सोडून आम्ही सगळे डोहात उतरलो. कित्येकांनी सकाळीच घरच्या आजाऱ्याची घाण काढली होती, आणि अंगावर तीच धोतरं होती. पलीकडच्या काठावर त्या गावच्या पाणी भरणाऱ्या बायकांच्या घागरी टेकवायचे दगड मला दिसत होते. पत्रक माझ्या डगल्याच्या खिशात होतं, आणि डगला मी काठावर नीट घडी करून ठेवला होता. मी तीन बुड्या मारल्या आणि इतरांबरोबर घरी आलो.

आमच्या गावातली पटकी ओसरली. कदाचित ती तशीही ओसरणारच होती. मी शाळेत रुजू झालो, आणि आठ दिवसांत पलीकडच्या गावात पटकी लागल्याचं कानावर आलं. त्या गावानं आमच्या गावाविरुद्ध कचेरीत अर्ज केला. माझं गाव कोणतं ते कारकुनांच्या लक्षात नव्हतं. अर्ज माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "घ्या मास्तर, तुमच्या धड्यातलाच विषय. याचा इंग्रजीत गोषवारा करा बघू."

मी दुपारभर बसलो. गावकऱ्यांनी रोग अव्हर्ट केला, वॉर्ड ऑफ केला, प्रिव्हेंट केला. काहीही घातलं तरी वाक्य चोख बसत होतं. त्या वाक्यांत आम्ही होतो, रोग होता. ज्यांच्या दारात तो गेला त्यांना उभं राहायला मात्र कुठे जागा नव्हती. मी कागद कोराच परत केला आणि जमत नाही म्हणालो. "मग शिकलात काय इतके दिवस?" ते चिडून म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. बहिणीची तीन वर्षांची मुलगी गेली होती.

मी पोचलो तेव्हा बहीण ओसरीवर एकटीच तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो.

"गाडीला तुजा हात व्हता, दादा?"

"होता."

"डोवात उतरलास?"

"उतरलो." मग मी आईचं सांगू लागलो. तिनं मान हलवून मला थांबवलं.

"ठावं हाय. तू हात लावला नसतास तर आयला गावानं ठेवली नसती. आमी बी दुसऱ्याच दिवशी गाडी फुडं ढकलली. फुडल्या गावात माजी नणंद हाय, दोन पोरं हायत तिची. आमाला बी सांगितलं व्हतं, कुनी बोलायचं नाय म्हनून."

"मग?"

"मग काय? त्या दिशी सकाळीच तिच्या दारात जाऊन सांगून आले, पोरांना घे नि डोंगराकडं मावशीकडं जा. गेली ती. पोरं बरी हायत." तिनं सूप झटकलं. "गावाला कळलं. तवापासून माज्याशी कुनी बोलत नाय."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"गाडी दिसली तवर पोरीनं डोवाचं पानी पिलं व्हतं. मला आदी ठावं असतं तर पोरीला घेऊन कुंभिवलीला मामाकडं ऱ्हाले असते आठ दिस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं तांदळातला एक खडा शोधून अंगणात टाकला.

"मला चालत जावं लागलं, दादा. तुला तर लिवता येतं."